सासूबाईंचा पाय

मावशी, सा. न. वि. वि.

मी अटलांटाच्या जवळ राहते. लग्नाला सहा वर्षं झाली. नवरा इथलाच, कृष्णवर्णीय कुटुंबातला. सासूबाई (मी त्यांना ममा म्हणते) मूळच्या अलाबामाच्या, वय 79. दर थँक्सगिव्हिंगला रताळ्याचे चार पाय (इथला pie, मैद्याच्या आवरणात गोड सारण भरून भाजलेला) त्याच करतात, दुसऱ्या कुणी करायचा प्रश्नच येत नाही. यंदा त्यांचे हात फार थरथरतात. गेल्या महिन्यात रविवारच्या जेवणाला सगळे जमलेले असताना त्या मला म्हणाल्या, "या वर्षी पाय तू आणायचे." नणंद समोरच बसली होती. ती काही बोलली नाही, उठून भांडी घासायला गेली.

ममांनी एक कार्ड दिलंय. त्यावर इतकंच आहे: चार मोठी रताळी, एक स्टिक बटर, साखर चवीप्रमाणे, अंडी, दूध लागेल तसं, जायफळ, व्हॅनिला, होईपर्यंत भाजणे. मी दोनदा करून पाहिला. पहिल्यांदा रताळी देशी दुकानातून आणली, लाल सालीची, आपल्याकडच्यासारखी. पाय फिका आणि कोरडा झाला, पुरणाच्या गोळ्यासारखा. दुसऱ्यांदा नारिंगी रताळी आणून, सोलून, तुकडे करून उकडली. मधोमध भेग पडली, कडेनं पाणी सुटलं, घासागणिक दोऱ्या लागल्या. खालचं आवरण दोन्ही वेळा कच्चट. दोन्ही वेळा निम्मं सारणही उरलं. नवरा म्हणाला, "छान आहे." ज्या आवाजात म्हणाला तो तुम्हाला कळेल. साताऱ्याला आईला फोनवर "पाय बिघडला" म्हटलं तर ती घाबरून म्हणाली, "कुठं पडलीस गं?"

माझं चुकतंय काय? वेलची घालू का, थोडीशी माझी म्हणून? आई नोव्हेंबरात इकडे येतेय, ती अंडं खात नाही, तिला काय देऊ? आणि नणंदेचं काय करू?

तुमची,
एक सून, जॉर्जिया

---

अगं सूनबाई,

आईचा जीव आधी भांड्यात पाड, मग बाकीचं बघू.

तुझं पत्र वाचताना मला नऊ वर्षं राहिलेलं नॉर्थ कॅरोलायनातलं घर आठवलं. अमेरिकेत सगळ्यात जास्त रताळी पिकतात ती त्या राज्यात. शेजारी एक कृष्णवर्णीय आजी राहायच्या, त्यांच्याकडून मी हा पाय शिकले. बदल्यात त्यांना पुरणपोळी शिकवली. ती त्यांना अजिबात आवडली नाही, डाळीचं गोड करतात हेच त्यांना पटेना. असो. तेव्हा मी सांगते ते त्यांच्या ओट्याशी उभं राहून पाहिलेलं आणि नंतर स्वतःच्या हातानं बिघडवून सुधारलेलं आहे.

सगळ्यात आधी तुझ्या पत्रातला धागा ओढते. निम्मं सारण उरलं म्हणतेस ना? मग ते कार्ड दोन पायांचं आहे. चार मोठी रताळी म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. भाजून, साल काढून त्यांचा चार कप लगदा होतो, आणि नऊ इंची ताटलीला दोन कप पुरतो. ममा हे दोनदा करत असणार, म्हणून चार पाय. त्यांनी ते कार्डावर लिहिलं नाही कारण त्यांना ते कधी लिहावंच लागलं नाही. कार्ड तुझ्यासाठी लिहिलेलं नाही गं. त्यांनी स्वतःलाच विसरायला नको म्हणून केलेली ती टिपण आहे. आपल्या आज्यांच्या वहीत "चकली: भाजणी, मोहन, तीळ" एवढंच असतं, तसं.

म्हणून पहिलं काम: कार्ड कपाटात ठेव आणि ममांच्या घरी जा. त्यांचे हात थरथरतात, पण त्या आहेत, त्यांची जीभ आहे, नजर आहे. पाककृती तिथं आहे. इंटरनेटवर शंभर जणींचे पाय सापडतील आणि त्यातले बरेचसे चांगलेच असतील, पण तुझ्या टेबलावरच्या पंधरा माणसांना त्यांतला एकही नको आहे.

जाताना स्वयंपाकाचा डिजिटल काटा घेऊन जा. त्यांना "किती कप?" असं विचारू नकोस. ज्यांनी आयुष्यभर अंदाजानं केलं त्यांना कप विचारला की त्या काहीतरी उत्तर देतात, आणि ते चुकीचं असतं. लपवालपवी न करता सांग की तुम्ही घाला, मी मोजते. साखरेचा डबा आधी वजन करून ठेव, त्यांनी हवी तेवढी घातली की पुन्हा वजन कर. दोन्हींतला फरक म्हणजे त्यांचं "चवीप्रमाणे". दुधाचा डबा, बटर, जायफळाचा तुकडा, सगळ्यांचं तसंच. ढवळायचं आणि उचलायचं तू कर, त्यांनी खुर्चीत बसून बोट दाखवावं. आणि एक बारकं लक्षात घे: त्या चव कधी घेतात ते बघ. माझ्या शेजारच्या आजी अंडी घालायच्या आधी चाखायच्या, साखर-जायफळ तिथंच जुळवून घ्यायच्या आणि अंडी शेवटी. ही रीत शहाणपणाचीही आहे, कच्चं अंडं पोटात जात नाही.

आता चुका.

रताळं. देशी दुकानातलं लाल सालीचं, आतून पांढरं रताळं आपल्या उपासाच्या कापांना उत्तम, पण या पायाला नाही. त्यात पिष्ट जास्त, ओलावा कमी, म्हणून तो पुरणासारखा झाला. तुला लागणारं रताळं तांबूस सालीचं, आतून भगव्या रंगाचं. दुकानात कधी कधी त्यावर "याम" अशी पाटी असते, तिला फसू नकोस. खरा याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला आफ्रिकेतला कंद. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांना अमेरिकेत तो मिळाला नाही, रताळं मिळालं, आणि त्यांनी घरच्या कंदाचं नाव त्याला दिलं. पुढे 1930 च्या दशकात लुइझियानातल्या शेतकऱ्यांनी आपलं मऊ नारिंगी वाण वेगळं ओळखू यावं म्हणून तेच नाव विक्रीसाठी उचललं. पाटीवर काहीही असो, आत रताळंच असतं. साखरेच्या पाकातल्या डबाबंद फोडी मात्र घेऊ नकोस.

उकडण्याचं तर तुला मी सांगायला नको होतं. सोललेल्या फोडी पाण्यात उकडल्या की त्या पाणी पितात आणि गोडवा पाण्यात सोडतात. मग ते पाणी ओव्हनमध्ये कडेनं बाहेर येतं. तुझी आई रताळी अख्खी, सालीसकट वाफवते की नाही? तसंच इथं अख्खी भाजायची. धुऊन, काट्यानं टोचून, ट्रेवर ठेवून 400 फॅरनहाइटला (साधारण 200 सेल्सिअस) तासभर, मोठी असतील तर सव्वा तास. सालीतून चिकट काळा पाक गळायला लागला आणि दाबल्यावर आतून बसलं, की झालं. मायक्रोवेव्हमध्ये दहा मिनिटांत होतील, पण गोड होणार नाहीत. रताळ्यात पिष्टाची साखर करणारं एक विकर (एन्झाइम) असतं आणि ते साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात कामाला लागतं. रताळं त्या पट्ट्यातून जितकं सावकाश वर चढेल तितकी साखर जास्त. पूर्वी चुलीच्या राखेत रताळी पुरून ठेवत, तिथंही आणि आपल्याकडेही, ती एवढी गोड का लागत याचं उत्तर हेच.

दोऱ्या. आपल्याकडे पुरणयंत्र आहे ना? काढ ते. रताळी गरम असतानाच साल ओढून काढ, बटर घाल आणि पुरणयंत्रातून फिरव. दोऱ्या वर अडकतील. पुरण थंड झाल्यावर वाटलं तर काय होतं ते तुला ठाऊक आहे, इथंही तोच न्याय. यंत्र सातारलाच राहिलं असेल तर हातातला इलेक्ट्रिक बीटर चालव. दोऱ्या त्याच्या पात्यांना गुंडाळल्या जातात. पाती धुवायची, पुन्हा फिरवायचं. तीनदा धुतलं की सारण रेशमासारखं होतं. माझ्या शेजारच्या आजी हे करताना नळ चालूच ठेवायच्या, आणि मला मात्र पाणी वाया घालवू नकोस म्हणून बजावायच्या.

भेग. हा पाय म्हणजे खरं तर अंड्यावर बसणारं दुधाचं सारण आहे, पुरण नव्हे. आपलं मन "उलथनं उभं राहिलं पाहिजे" या हिशोबानं चालतं, त्यामुळे तू तो मधोमध घट्ट होईपर्यंत आत ठेवलास. तोवर अंडं आवळलं, पाणी सोडलं आणि वरचा भाग तडकला. त्याऐवजी खरवस आठव. ताटलीला हलका धक्का दे. कडेची दोन बोटं स्थिर आणि मधला भाग खरवसासारखा एकसंध थरथरला की लगेच बाहेर. तिथून पुढे तो स्वतःच्या उष्णतेनं बसतो. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 175 फॅरनहाइट, म्हणजे 80 सेल्सिअसच्या जरा खाली. कार्डावरचं "होईपर्यंत" ते हे. बाहेर काढल्यावर तीन तास हात लावायचा नाही. गरम कापलास तर वाहील आणि तू पुन्हा मला पत्र लिहिशील.

आवरण. इथं तुझ्या हाताला लागलेली चांगली सवयच आड येतेय असा माझा दाट संशय आहे. आपण करंजीला कडकडीत मोहन घालतो, पीठ घट्ट मळतो, मुरवतो. पायाच्या पिठाला याच्या नेमकं उलट. बटर फ्रीजमधून काढलेलं, थंडगार. ते मैद्यात चिमटीनं चुरायचं, पण पार मिसळू द्यायचं नाही, वाटाण्याएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत. मग बर्फाचं पाणी चमच्या-चमच्यानं, पीठ जेमतेम एकत्र येईपर्यंत. मळायचं नाही. मळलंस की चिवट होणार. ते तुकडे ओव्हनमध्ये वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि थर सुटे होतात. चिरोट्याला साटा लावून आपण जे मुद्दाम करतो ते इथं असं आयतं होतं. सव्वा कप मैदा, एक स्टिक (113 ग्रॅम) बटर, अर्धा चमचा मीठ, तीन-चार मोठे चमचे बर्फाचं पाणी, एवढ्यात एक ताटली होते. गोळा करून तासभर फ्रीजमध्ये ठेव, मग लाट. ममा कदाचित बटरऐवजी चरबी किंवा डब्यातलं शॉर्टनिंग (आपल्या डालड्यासारखं) वापरत असतील, विचार. आणि त्या तयार आवरण आणत असतील तर तूही खुशाल आण. त्यात कमीपणा नाही.

कच्चट राहू नये म्हणून आवरण आधी एकटंच भाजायचं. ताटलीत बसवून त्यावर बेकिंगचा कागद घाल आणि कागदावर कच्चा राजमा भर, म्हणजे तळ फुगत नाही. 400 ला वीस मिनिटं, मग राजमा-कागद काढून आणखी पाच-सात मिनिटं, तळ कोरडा दिसेपर्यंत. तो राजमा पुन्हा शिजत नाही, बरणीवर तसं लिहून ठेव. मी लिहिलं नव्हतं आणि आमच्या ह्यांनी एकदा तो रात्री भिजत घातला. ताटली काचेची घे, खालून रंग दिसतो. भाजताना खालच्या फळीवर, आधीपासून तापलेल्या ट्रेवर ठेव.

ममांच्या घरचं मोजमाप हाती येईपर्यंत हाताशी काहीतरी हवं म्हणून एका पायाचं माझं प्रमाण देते: दोन कप रताळ्याचा लगदा, अर्धी स्टिक बटर, पाऊण कप साखर (अर्धी पांढरी, अर्धी ब्राउन), डब्यातलं आटवलेलं बिनसाखरेचं दूध पाऊण कप, दोन अंडी आणि एक पिवळं, अर्धा चमचा ताजं किसलेलं जायफळ, पाव चमचा दालचिनी, एक चमचा व्हॅनिला, पाव चमचा मीठ. 350 फॅरनहाइटला (सुमारे 177 सेल्सिअस) पन्नास मिनिटं ते तास. दुधाचा डबा घेताना "इव्हॅपोरेटेड" बघून घे, "कंडेन्स्ड" उचललास तर त्यात साखर आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत घरोघरी फ्रिज नव्हते त्या काळात टिकणारं दूध म्हणजे हा डबा, म्हणून इथल्या कितीतरी जुन्या गोड पदार्थांत तो आहे. कार्डावर ममांनी नुसतं "दूध" लिहिलंय, पण मी पैजेवर सांगते, तो डबाच असणार.

आता वेलची.

या वर्षी नको.

रागावू नकोस. त्या पायात जायफळ आहे, आणि जायफळ तुझ्या माहेरचंच आहे. पुरणपोळीत, श्रीखंडात, बासुंदीत तू ते लहानपणापासून खाल्लंयस. आईला सांग येताना अख्खी जायफळं घेऊन ये, डबीतली पूड फेकून दे, आणि आयत्या वेळी सहाणेवर उगाळ किंवा किसून घाल. ममांना पहिल्या घासाला फरक कळेल आणि चव त्यांचीच राहील. याहून जास्त "माझी म्हणून" पहिल्या वर्षी मागू नये. पाच वर्षांनी तू काय घालतेस ते बघायला मी असेन नसेन.

शुद्ध, मूळ, खरा पाय असा काही प्रकार असतो म्हणून मी हे सांगत नाहीये हं. अ‍ॅबी फिशर नावाच्या बाई होत्या. साउथ कॅरोलायनात गुलामीत जन्मलेल्या, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत लोणची-मुरंब्यांसाठी नावाजलेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं, दुसऱ्यांनी लिहून घेतलं आणि 1881 साली त्यांचं पाकपुस्तक छापून निघालं. त्यातल्या रताळ्याच्या पायात संत्र्याचा रस आणि सालीचा कीस आहे. दोन पौंड रताळ्यांत दोन पाय होतात, हेही तिथं आहे. तिकडे अलाबामात टस्कीगीला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर नावाचे कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ होते. कार्व्हर म्हटलं की आपल्याला भुईमूग आठवतो, पण रताळ्यावरही त्यांनी तेवढाच जीव लावला, शेतकऱ्यांसाठी पत्रकं काढली. त्यांच्या एका पायात रताळ्याचा लगदाच नाही, पातळ काप रचलेले आणि वरूनही आवरण. म्हणजे बघ, दीडशे वर्षांत एकमत नाही. उद्या तुझ्या घरी वेलचीचा पाय झाला म्हणून आभाळ कोसळणार नाही. पण ममांनी तुझ्याकडे त्यांचा पाय मागितलाय. तुझा नंतर मागतील.

आणि त्यांनी तो मागितला याचं वजन किती आहे ते तुला कळलंय असं तुझ्या पत्रावरून वाटतं, तरी थोडं सांगते. उत्तरेत भोपळ्याचा पाय, दक्षिणेत रताळ्याचा. गुलामीच्या काळात मळेवाल्यांच्या वाड्यात दूध-अंड्यांचे पाय करायच्या त्या गुलाम स्वयंपाकिणीच, पण त्यांच्या स्वतःच्या खोपटात ना मैदा, ना साखर, ना ओव्हन. होतं ते निखाऱ्यात भाजलेलं रताळं. 1865 मध्ये गुलामी संपल्यानंतर तो पाय त्यांच्या स्वतःच्या सणाच्या टेबलावर आला, आणि पुढे लाखो माणसं दक्षिण सोडून शिकागो-डेट्रॉइटला गेली तेव्हा त्यांच्याबरोबर गेला. अलाबामातल्याच माँटगोमेरीत 1955-56 मध्ये कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकला होता, गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स तुला माहीत असतील. 381 दिवस लोक पायी चालले, एकमेकांना गाडीतून नेत राहिले. त्या गाड्यांच्या खर्चाला पैसा उभा करणाऱ्यांत जॉर्जिया गिलमोर नावाच्या एक स्वयंपाकीण बाई होत्या. त्यांनी बायका जमवल्या. त्या घरी केक, कोंबडी आणि रताळ्याचे पाय करून विकायच्या आणि पैसा सभेत आणून द्यायच्या. कुणाची नोकरी जाऊ नये म्हणून मंडळाचं नावच ठेवलं होतं "कुठूनच नाही" मंडळ. पैसे कुठून आले? कुठूनच नाही. तुझ्या ममा तेव्हा अलाबामातल्या शाळकरी मुलगी असतील. रताळी सोलताना सहज विचार, त्यांच्या आईच्या ओव्हनमधून कुणाकुणाकडे पाय जायचे. मुलाखत घेऊ नकोस, नुसतं विचार आणि सोलत राहा.

दुकानातून आणून आपल्या ताटलीत सरकवायचा विचार तुझ्या मनात आलाच असेल. लिहिला नाहीस, पण मी ओळखते. 2015 च्या नोव्हेंबरात गायिका पॅटी लाबेल यांच्या नावाचे पाय एका चाहत्याच्या व्हिडिओनंतर वॉलमार्टमधून पाहता पाहता संपले होते, तेव्हा बाजारचा पाय खाणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण या घरात, यंदा, नको. तिथं "हे कुणी केलं?" असं विचारून मगच लोक ताट पुढे करतात.

आईचा प्रश्न सोपा आहे. बिनअंड्याचा पाय कॉर्नफ्लोअर घालून होतो, मी केलाय, खाल्ला जातो, पण तो त्या टेबलावर ममांच्या पायाशेजारी ठेवू नकोस, दोन्हींचा अपमान होतो. तू देशी दुकानातून आणलेली लाल रताळी आहेत ना, त्यांचे गोल काप कर, तुपावर दोन्ही बाजूंनी परत, गूळ घाल, झाकण ठेव, वरून थोडी वेलची. घाल तिथं हवी तेवढी. आईला वाढ आणि एक वाटी टेबलावर ठेव, नाव विचारलं तर सांग. आई म्हणेलच, "रताळं म्हणजे उपासाचं, यांनी त्यात अंडं कसं घातलं?" तिला म्हणावं, त्यांच्याकडे उपास नसतो, नुसती दुप्पट खाशीच असते.

राहिली नणंद. इथं मला तुला जरा टोचायचंय. तू चार प्रश्न विचारलेस आणि हा शेवटी ठेवलास, पण पत्रात सगळ्यात आधी दिसतात ती तिनं घासायला घेतलेली भांडी. तिला वाईट वाटलं असेल. किंवा सुटलो म्हणून हायसंही वाटलं असेल. तू दोन्ही धरून चालू नकोस, मीही इथं बसून ओळखणार नाही. फोन कर. मेसेज नको, फोन. म्हण, "ममांनी मला सांगितलं, पण तुला करायचा होता का?" हो म्हणाली तर चारांतले दोन तिचे. ममांना आधी सांगा आणि मग दोघी एका ओट्यावर करा. नाही म्हणाली तर म्हण, मग निदान चाखायला ये, कारण त्याची खरी चव ममांनंतर तुलाच माहिती आहे. हे गोड बोलणं नाही, खरंच आहे. तुझ्या नवऱ्यानं "छान आहे" म्हटलं, त्याचा तुला काही उपयोग झाला का? आईच्या हातचं चाळीस वर्षं खाल्लेली लेक एका घासात सांगेल की जायफळ कमी आहे की बटर जास्त. तिची जीभ तुला काट्याइतकीच लागणार आहे. आणि ममांनी तुलाच का सांगितलं हे तिला विचारू नकोस. विचारायचंच असेल तर ममांना विचार, आणि तेही एखादा पाय जमल्यानंतर.

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. तुझं पत्र मला ऑक्टोबरच्या मध्यात मिळालं, म्हणजे हातात पाच शनिवार आहेत. पहिल्या शनिवारी काटा घेऊन ममांकडे. दुसऱ्या शनिवारी घरी एकटीनं, एकच पाय. बिघडला तर रताळ्याची खीर समजून वाटीत खा, टाकू नकोस. तिसऱ्या शनिवारी नणंद. पुढचे दोन हाताशी असू देत, कधी ओव्हन दगा देतो, कधी मूल आजारी पडतं. प्रत्यक्ष पाय बुधवारी भाज, पूर्ण गार कर, फ्रीजमध्ये ठेव, गुरुवारी जेवणाच्या तासभर आधी बाहेर काढ. गाडीत मांडीवर धरून नेऊ नकोस, डिकीत सपाट ट्रेवर ठेव. वर मार्शमेलो घालशील का म्हणून कुणी पोरगं विचारेल, ते रताळ्याच्या भाजीवर घालतात, पायावर नाही, त्याला ममांकडे पाठव.

जमला की मला चवीचं कळव, फोटो नको. आणि साताऱ्याला फोन करशील तेव्हा वाक्य नीट जुळव. "पाय चांगला बसलाय" म्हणालीस तर आई पुन्हा घाबरेल.

तुझी,
मावशी